बावन्न पिकांचा लायब्निट्स

इचलकरंजीत हिशोब करणारी माणसं दोन जातींची. पहिली जात पैशासाठी हिशोब करते. ही माणसं तो मनातल्या मनात करतात आणि तोंडाने फक्त "परवडत न्हाई" एवढंच म्हणतात. गावातला निम्मा बाजार या दोन शब्दांवर चालतो. दुसरी जात हिशोबासाठीच हिशोब करते. हिच्याजवळ पैसा बेताचा, पण पेन नक्की असतं. पेनाला टोपण नसतं, म्हणून सदऱ्याच्या खिशाखाली निळा डाग असतो, आणि त्या डागावरून हा माणूस मलाबादे चौकाच्या गर्दीतही ओळखू येतो. कागद म्हणून हाताला लागेल ते चालतं: सुताच्या कोनाचा पुठ्ठा, लग्नपत्रिकेची पाठ, नाहीच काही तर तयार ताग्याचं टोक. तुम्ही सहज म्हणालात, "यंदा ऊन जरा जास्तच आहे," की हा पेन काढणार. "किती जास्त? चला, हिशोब मांडू."

आमच्या गल्लीत या जातीचे मुकुटमणी म्हणजे अण्णा. त्यांचा कारखाना आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. माग सोळा, सगळे खर्चीवर. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचंच, मधला खडखडाट तेवढा अण्णांचा. रात्री वीज गेली आणि माग थांबले की आमच्या घरातली माणसं दचकून जागी होतात. अण्णा जागेच असतात. किती पीक, म्हणजे किती आडवे धागे, बुडाले ते मांडत असतात. १९७४ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन इचलकरंजीत भरलं होतं, अध्यक्ष पु. ल. देशपांडे. अण्णा तेव्हा मिसरूड फुटलेले स्वयंसेवक. एवढं मोठं भाषण समोर बसून ऐकलं, लोक पोट धरून हसले, त्यातलं काय लक्षात राहिलं म्हणून विचारलं तर अण्णा मांडवाला किती कापड लागलं ते सांगतात. तेही फुटात, कारण मांडववाल्याचा हिशोब फुटात होता.

असा माणूस आपल्या आकड्यांत सुखी होता. त्यात नातू पुण्याला कॉम्प्युटर शिकायला गेला आणि दिवाळीच्या सुट्टीत येऊन सांगून गेला की आजोबा, कॉम्प्युटरला एक आणि शून्य यापलीकडे काही कळत नाही, आणि ही युक्ती एका जर्मन तत्त्वज्ञाने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. नातू फराळाचे डबे घेऊन परत गेला. जर्मन मात्र गल्लीतच राहिला.

अण्णांनी आपटे वाचन मंदिर गाठलं. ते दीडशे वर्षांहून जुनं ग्रंथालय. तिथे विश्वकोशाच्या जाडजूड खंडापासून सुरुवात करून त्यांनी हा माणूस खणून काढला. गोटफ्रीट विल्हेल्म लायब्निट्स, जन्म १६४६, लाइपझिग. अण्णा त्याला "लायबनीस" म्हणतात. पुढे ओळख वाढली तसं नुसतं "आपला लायबनीस". महिन्याभरात त्याचा उल्लेख भाऊकीतल्या माणसासारखा होऊ लागला. चहाच्या गाड्यावरच्या नव्या माणसाला तो सांगली रोडला राहतो असंच वाटायचं.

एका सकाळी अण्णांनी मला हाताला धरून कारखान्यात नेलं. डॉबी, म्हणजे वया उचलून नक्षी काढणारी जोडणी, बसवलेल्या मागापुढे उभं केलं आणि खडखडाटावर आवाज चढवून समजावू लागले.

"हे बघा मास्तर. ही पट्टी. हितं खुंटी हाय, वई उचलली. हितं भोक रिकामं, वई खाली. हाय, न्हाई. हाय, न्हाई. तिसरं काय न्हाईच! ह्यातनंच काठ निघतो, ह्यातनंच बुट्टी निघती. आणि आपला लायबनीस १७०३ साली छापून बसला की समदे आकडे एक आणि शून्यात लिहिता येत्यात. खुंटी म्हंजे एक, भोक म्हंजे शून्य. आता सांगा, आपल्या गावात पयला माग कवा आला?"

"१९०४. विठ्ठलराव दातारांनी आणला."

"म्हंजे माग यायच्या दोनशे एक वर्सं आधी ह्यानं डॉबी लिहून ठिवली!"

मी मास्तर असल्यामुळे गप्प बसू शकलो नाही. म्हटलं, अण्णा, लायब्निट्सने माग पाहिला म्हणून हे लिहिलं नाही. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग फ्रान्सातल्या जाकारने १८०४ च्या सुमारास उभा केला, तेच पुठ्ठे इंग्लंडातल्या बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी घ्यायचं ठरवलं, आणि कॉम्प्युटरचा रस्ता तिकडून येतो. लायब्निट्सचं गणित वेगळ्या वाटेने येऊन त्याला पुढे मिळतं. यात इचलकरंजी कुठेच नाही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रस्ता असंना का कुठनंबी. कापड कुठं विणतंय?"

यावर उत्तर नव्हतं. पण खरा तडाखा पुढे होता. सगळ्या इचलकरंजीचा मजुरीचा हिशोब ५२ पिकांच्या कापडावर बांधलेला आहे. पीक म्हणजे धोट्याबरोबर जाणारा एक आडवा धागा, आणि ५२ पीक म्हणजे एका इंचात असे बावन्न धागे. मीटरमध्ये इंच ३९.३७. अण्णांनी गुणाकार केला: एका मीटरला २०४७ पीक, वर पाव पीक. हा आकडा त्यांना आयुष्यभर पाठ होता. आता त्यांनी तो लायब्निट्सच्या रीतीने मांडला. १०२४ आणि ५१२ आणि २५६, असं निम्म्या-निम्म्याने उतरत एकपर्यंत आले आणि त्यांचा हात थांबला. एकही जागा रिकामी राहिली नव्हती. अकरा घरं, अकराही घरांत एक. ११११११११११११ असं चुकून बारा न होऊ देता, बोट ठेवून मोजत, त्यांनी ते अकरा उभे दंड कारखान्याच्या भिंतीवर खडूने काढले: १११११११११११.

"मास्तर, एक भोक रिकामं न्हाई! पट्टीभर खुंट्याच खुंट्या! आपल्या कापडाचा मीटर त्यानं असा भरून ठिवलाय."

आकडा खरा आहे. मी घरी येऊन पुन्हा करून पाहिला. योगायोग म्हणावा तर असा योगायोग रोज भेटत नाही. वरच्या पाव पिकाचं काय, असं विचारलं तेव्हा अण्णा मागवाल्याच्या जातिवंत बेफिकिरीने म्हणाले, "ती घट." संध्याकाळी चहावाला आला, भिंतीवरचे अकरा दंड पाहिले आणि अकरा हाफचे पैसे मागू लागला. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरने त्यातले चार आपले नाहीत म्हणून शपथ घेतली.

तेव्हापासून अण्णांनी लायब्निट्सचं चरित्र गल्लीला हप्त्याहप्त्याने सांगितलं, आणि प्रत्येक हप्त्यात ते थोडं स्वतःचं सांगत होते. बाप तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, पोरगं सहा वर्षांचं असताना गेला; पोरगं बापाच्या पुस्तकांच्या खोलीत शिरलं आणि स्वतःच लॅटिन शिकून बाहेर आलं. (अण्णांचे वडील सायझिंगमध्ये होते. मागे ठेवलं काय, तर एक बंद घड्याळ आणि रोजकीर्दीच्या वह्या. अण्णा त्या वह्यांत शिरले.) विशीत कायद्याची डॉक्टरकी मागितली तर लाइपझिगवाल्यांनी ती अडवली, वय कमी म्हणून. हा उठला, आल्टडॉर्फच्या विद्यापीठात गेला. त्यांनी पदवी दिली, वर प्राध्यापकीही देऊ केली. ती त्याने नाकारली. "खर्चीचं काम नको म्हणाला," हा अण्णांचा शेरा. पण पुढे हाच माणूस १६७६ पासून मरेपर्यंत चाळीस वर्षं हानोव्हरच्या दरबारात नोकरीला राहिला, तेव्हा खर्ची काही त्याला चुकली नाही.

हानोव्हरच्या डोंगरात, हार्ट्झमध्ये, चांदीच्या खाणी होत्या आणि खाणींत पाणी भरायचं. लायब्निट्स म्हणाला, पवनचक्क्या लावून उपसून देतो. पाच-सहा वर्षं खटपट झाली, पैसा गेला, खाणवाले वैतागले, १६८५ साली दरबाराने काम बंद केलं. मग दरबार म्हणाला, निदान आमच्या घराण्याचा इतिहास तरी लिहून दे. चार वंशावळी जोडून एक सुबक पोथी झाली असती, मालक खूश झाला असता. या गृहस्थाने सुरुवात केली पृथ्वी कशी निवाली, खडक कसे बनले, समुद्र कुठे होता, इथपासून! तो भागच एक वेगळं पुस्तक होऊन बसला. घराण्याचा इतिहास लिहीत लिहीत तीस वर्षांत तो इसवी सन १००५ पर्यंत पोचला आणि वारला. मधे १७१४ साली मालक इंग्लंडचा राजा होऊन लंडनला गेला, सगळा दरबार गेला, याला मात्र निरोप: आधी इतिहास पुरा कर.

या हप्त्याला मी अण्णांकडे पाहू शकत नव्हतो. कारण सुताच्या एका बाचक्याचं वजन कमी भरलं म्हणून अण्णांनी एका व्यापाऱ्याला पाठवलेलं तक्रारीचं पत्र मीच तपासून दिलं होतं. त्याचं पहिलं वाक्य जहागिरदार नारायणराव घोरपड्यांच्या कारकिर्दीपासून सुरू होत होतं. बाचकं सातव्या पानावर यायचं. व्यापाऱ्याने तिसऱ्या पानावरच पैसे पाठवून दिले.

यंत्राचीही तीच गोष्ट. लायब्निट्सने बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार असं चारी करणारं यंत्र बनवायला घेतलं आणि १६७३ साली लंडनला रॉयल सोसायटीपुढे त्याचा नमुना नेऊन दाखवला. लोक थक्क झाले, त्याला सभासद करून घेतलं. खोट एवढीच की यंत्र हातच्याला अडायचं. नवाच्या पुढे एक गेला की शेजारच्या चाकाने एक घर सरकायला हवं. ते कधी सरकायचं, कधी रुसायचं. त्यातलं एक यंत्र पुढे १८७९ साली ग्योटिंगेनच्या विद्यापीठात पोटमाळ्यावर सापडलं. अण्णांचं यंत्रही पोटमाळ्यावरच आहे. भंगारातल्या स्कूटरचा किलोमीटर मोजणारा काटा मागाला जोडून त्यांनी पीक मोजायचा मीटर केला होता. बाजारात तयार मीटर मिळतात, पण मिळतात ते दुसऱ्याने केलेले. यंत्र ९९९९ पर्यंत इमानाने गेलं आणि तिथे बसलं. माग रात्रभर विणत होता, काटा जागचा हलेना. सकाळी कामगार म्हणाला, मी पाच तागे काढले. यंत्र म्हणालं, नाही. अण्णा यंत्राच्या बाजूने उभे राहिले, पण तागे समोर रचलेले होते.

लायब्निट्सचं खरं स्वप्न याहून मोठं होतं, आणि अण्णा पागल झाले ते त्यानेच. त्याला वाटे की माणसाच्या डोक्यातल्या एकेका कल्पनेला एकेक आकडा द्यावा, विचार करायचं एक बीजगणितच तयार करावं. मग दोन विद्वान भांडले तर आवाज चढवायची गरज नाही. पाट्या घेऊन समोरासमोर बसायचं आणि हिशोब करून मोकळं व्हायचं. युरोपातल्या तत्त्वज्ञांनी याला भव्य म्हटलं, भाबडंही म्हटलं. पुढच्या तर्कशास्त्रज्ञांनी त्यातून पुष्कळ काही उभं केलं. करून मात्र पाहिलं फक्त अण्णांनी.

पहिला प्रयोग शेजारच्या दोन भावांवर. वाटणी होती. अकरा माग, जुनं घर, एक मोटरसायकल आणि आई. अकराचे दोन भाग पडत नाहीत, इथे गाडी अडली होती. अण्णा पुठ्ठा घेऊन बसले आणि म्हणाले, भांडण मोजमाप निराळं असल्यामुळे होतंय; सगळं एकाच मापात आणू. माप अर्थातच पीक. एक माग वर्षाला इतके पीक मारतो. घर भाड्याने दिलं असतं तर किती पिकांच्या मजुरीएवढं भाडं आलं असतं? मांडा. मोटरसायकल इतके पीक. बावीस वर्षं थोरल्याने कारखाना बघितला, धाकटा शिकत होता, वजा. धाकट्याने बापाच्या दवाखान्याचा खर्च केला, अधिक. दोन तास अगदी सुरळीत चाललं. दोघं भाऊ माना हलवत होते. मी भिंतीला टेकून बघत होतो आणि मला, खरं सांगतो, तीनशे वर्षांपूर्वीचं ते स्वप्न आमच्या गल्लीत उतरतंय असं वाटायला लागलं होतं.

मग अण्णांनी पुढची ओळ लिहिली. "आता आईचं. आई थोरल्याकडं आठ महिने, धाकट्याकडं चार. जेवण, औषध, धरा. पण म्हातारी अजून रोज कांड्या भरती, ते वजा."

आतून आवाज आला. "आन् माझं किती पीक धरलंस रं?"

अण्णांनी आकडा सांगितला! दुसरा कोणीही माणूस थांबला असता. अण्णांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत होतं, ते त्यांनी दिलं. आणि वर खुलासा केला, "मावशी, ह्यात घट धरलेली न्हाई."

थोरला उठला. धाकटा उठला. गेली तीन वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ एका वेळी एकच वाक्य बोलले, ते इथे लिहिण्याजोगं नाही. त्या रात्री दोघं आईच्या हातचं एका ताटात जेवले. वाटणी अजून झालेली नाही, कारखाना एकत्रच चालतो. अण्णा म्हणतात, हिशोबाने भांडण मिटतं हे सिद्ध झालं. मी यावर खूप विचार केला आहे आणि त्यांचं खोडून काढता येत नाही.

गावाच्या पातळीवर हे स्वप्न तितकं फळलं नाही. २०१३ साली माग कामगारांचा मोठा संप झाला आणि मजुरी महागाईशी जोडायचं ठरलं. महागाई भत्ता इतका वाढला, म्हणून बावन्न पिकाच्या मीटरला इतके पैसे वाढ. सूत्र ठरलं, आकडा जाहीर, भांडण खलास. म्हणजे कागदावर लायब्निट्सच. आकडा आला की मालक म्हणतात मंदी धरलीच नाही, कामगार म्हणतात घरभाडं धरलंच नाही, आणि अण्णांना दोघांचंही गणित बरोबर दिसतं. पाण्याचंही त्यांनी मांडून पाहिलं. पंचगंगा नासली, वारणेचं पाणी दानोळीतून आणू म्हटलं तर दानोळीकर आडवे आले, दूधगंगेचं सुळकुडातून आणू म्हटलं तर कागलकडचे उठले. अण्णांनी माणशी लिटर, नदीचा प्रवाह, उसाचं क्षेत्र असं सगळं एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आणलं. पत्रिका संपली, पाणी काही आलं नाही.

कोणी म्हणेल, मागवाल्याला तत्त्वज्ञानाची कशाला उठाठेव? असं म्हणणाऱ्याने अमळनेरला जावं. प्रताप मिलच्या शेटजींनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. पुढे साने गुरुजी तिथेच शिकायला राहिले होते. कापड आणि चिंतन यांची सोयरीक महाराष्ट्रात जुनी आहे. फरक एवढाच की शेटजी मालक होते आणि त्यांनी विचार करायला माणसं ठेवली. खर्चीवाल्याला विचारही स्वतःच करावा लागतो.

न्यूटनचा विषय मात्र अण्णांपुढे काढायचा नाही. कलनशास्त्र आधी कोणी शोधलं यावर दोघांच्या बाजूने युरोपभर मारामारी झाली. आजचे जाणकार सांगतात की दोघांनी आपापलं स्वतंत्रपणे शोधलं. न्यूटनने आधी, पण पेटीत ठेवलं. लायब्निट्सने नंतर, पण १६८४ साली छापलं, आणि कॉलेजात आपण जे लांब वेलांटीचं चिन्ह गिरवतो ते त्याचं. इथवर अण्णा शांत असतात. पुढे लायब्निट्सने रॉयल सोसायटीकडे दाद मागितली. सोसायटीने समिती नेमली. सोसायटीचा अध्यक्ष न्यूटन. १७१२ साली समितीने निकाल दिला न्यूटनच्या बाजूने, आणि तो निकाल लिहिला होता न्यूटननेच. वर त्या निकालावर निनावी परीक्षण आलं, तेही त्याचंच.

"म्हंजे आरोपी तोच, पंच तोच, आन् टाळ्याबी तोच वाजवणार!" अण्णांच्या मानेच्या शिरा फुगतात. संस्थांच्या निवडणुका बघत ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाला यात कळायला अवघड काही नाही. चहावाला विचारतो, "मग न्यूटनचं पॅनल आलं का निवडून?"

अण्णांच्या घरात या सगळ्याला एकच विरोधी पक्ष आहे, काकू. लायब्निट्सने १७१० साली एक ग्रंथ लिहून असं प्रतिपादलं की देवाला शक्य होती तेवढ्या सगळ्या जगांतून त्याने सर्वांत बरं जग निवडलं आहे. वाईट दिसतं, पण ते काढलं तर बाकीचा जमाखर्च बिघडतो. अण्णांना हे एकदम पटलं, कारण हा धागा काढला तर कापड जातं, हे त्यांना नव्याने शिकायचं नव्हतं. दुर्दैवाने त्यांना हे पटलं त्याच साली गावात मंदी आली. सुताचा भाव चढा, कापडाला उठाव नाही, गल्लीतले तीन कारखाने बंद, आणि ज्या मागांवर पिढ्या जगल्या ते किलोच्या भावाने भंगारात चाललेले. अण्णांनी आपले चार माग थांबवले आणि रात्री जेवताना काकूंना म्हणाले, "शक्य होतं त्यातलं हेच सगळ्यात बरं."

काकूंनी भाकरी तव्यावरच ठेवली. "अहो, मग न बरं कसं असतंय, ते एकदा दाखवा तरी. मी तयारी करून ठेवते."

लायब्निट्सच्या या मताची व्हॉल्तेअरने १७५९ साली एक अख्खी कादंबरी लिहून टिंगल केली. त्यात एक पंडित आहे. भूकंप होवो, जहाज बुडो, त्याला सगळं उत्तमच दिसतं. लिस्बनचा भूकंप होऊन तीन-चारच वर्षं झाली होती, तेव्हा पुस्तक तुफान खपलं. व्हॉल्तेअरला शे-दीडशे पानं लागली, काकूंचं एका वाक्यात झालं. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. त्या मंदीत अण्णांनी एकाही कामगाराला काढलं नाही. चार माग बंद आणि पगार पूर्ण, हा हिशोब कोणत्या पुठ्ठ्यावर जुळवला, ते मी विचारलं. "मांडलाच न्हाई," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी न मांडलेला हा एकच हिशोब मला माहीत आहे.

एकदा कापड बघायला आलेल्या व्यापाऱ्याच्या दिवाणजीने दोन ताग्यांत फरक काढला. याचं पोत निराळं, त्याचं निराळं, पैसे कापणार. अण्णा त्याला हानोव्हरच्या राजवाड्याच्या बागेत घेऊन गेले. तिथे लायब्निट्स राणीसाहेबांना सांगत होता की जगात हुबेहूब सारख्या दोन वस्तू नसतात. एक सरदार म्हणाला, असं कसं, दोन पानं आत्ता आणून देतो. तो दुपारभर बागेत पानं तोडत हिंडला आणि रिकाम्या हाताने परत आला. "तवा दिवाणजी," अण्णा म्हणाले, "देवाला जे जमलं न्हाई ते सोळा मागांवर मागू नका." दिवाणजींनी पैसे कापले ते कापलेच. पण पावतीवर कारण लिहिताना ते थोडे अडखळले.

यंदा नातू नोकरीच्या कामासाठी महिनाभर जर्मनीला गेला होता. येताना त्याने आजोबांसाठी बिस्किटांचा पुडा आणला. त्यावर ठळक अक्षरात नाव: लायब्निट्स. हानोव्हरच्या बालसेन नावाच्या कारखानदाराने १८९१ साली आपल्या बिस्किटाला गावच्या या थोर रहिवाशाचं नाव दिलं, ते आजतागायत चालू आहे. ज्या हानोव्हरमध्ये १७१६ साली त्याच्या अंत्ययात्रेला सेक्रेटरीखेरीज दरबारातलं कोणी फिरकलं नाही, पन्नास वर्षं थडग्यावर नाव नव्हतं, तिथेच त्याला आता रोज चहात बुडवतात.

अण्णांनी बिस्किट तोंडात घातलं नाही. चष्मा चढवला. चौकोनी बिस्किट, कडेला चारी बाजूंनी दाते. पेनाच्या टोकाने ते मोजू लागले. लांब बाजूला चौदा, चौदा. आखूड बाजूला दहा, दहा. कोपरे चार. त्यांनी बेरीज केली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा मोजलं. पुडा माझ्या हातात देऊन म्हणाले, "मास्तर, तुम्ही मोजा." मी मोजले. बावन्न.

"बावन्न पीक!" सोळा मागांच्या वर आवाज गेला. "जर्मनीत बसून बावन्न पीक!"

जॉबर पान्हा खाली ठेवून आला. त्याने बिस्किट उजेडात धरलं आणि म्हणाला, "कोपरं कशाला धरलीसा? कोपरा काय दाता न्हवं. अठ्ठेचाळीसच." वहिफणीवाला म्हणाला, कोपरा दोन बाजूंना येतो, तेव्हा तो दोनदा धरायला पाहिजे, छप्पन्न. नातू म्हणाला, कंपनीच बावन्न सांगते. जॉबर म्हणाला, कंपनी सांगणारच. चहावाल्याने चारी गिऱ्हाइकांचा कल घेतला, त्यात दोन-दोन पडले. अण्णांनी पुठ्ठा ओढला, पेन झटकलं आणि पुराव्यासाठी पुड्याकडे हात नेला. पुडा काकूंच्या पुढ्यात होता, आणि त्यांनी आणि शेजारच्या मावशींनी मिळून तो चहाबरोबर तळाला नेला होता. मावशी बोटावरचा चुरा चाखत म्हणाल्या, "गोड कमी हाय, पण खुसखुशीत हाय की. कुणाच्या लग्नाचं?"